सालाद ओलविये: पाणी सुटू नये, गोड लागू नये म्हणून

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. दुबईला असताना यजमानांच्या इराणी सहकाऱ्याच्या घरी त्यांनी चिकन-बटाट्याचं थंड सॅलड, म्हणजे सालाद ओलविये, खाल्लं, लवाश नावाच्या पातळ रोटीत गुंडाळून. चव जिभेवर राहिली म्हणून घरी करून पाहिलं, तर एका वेळी वाडग्याच्या तळाशी पाणी जमलं, दुसऱ्या वेळी बटाट्याचा चिकट गोळा झाला आणि दोन्ही वेळा ते गोडसर लागलं. येत्या रविवारी त्यांच्याकडे पंधरा माणसं जेवायला आहेत, त्यातली तिघं चिकन खात नाहीत. बटाटा कुठला घ्यायचा, मेयोनीज कुठलं, काकडीचं ते आंबट-खारं लोणचं इथे मिळत नाही तर काय करायचं, आणि आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आदल्या दिवशीच करा. त्याच दिवशी कालवलेलं ओलविये मी कुणाला वाढत नाही, कारण ते मुरायला रात्र लागते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जरा लांब आहेत. पाणी, चिकटपणा आणि गोडवा या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यातलं एकही कारण शेवटच्या कालवण्यात नाही. ती सगळी आधीच्या तयारीत आहेत.

मी पुण्यात थंड सॅलड आणि सँडविचच्या ऑर्डरी घेते. ओलविये शिकले ते तेहरानच्या एका बाईंकडून. मुलगा इथे शिकायला होता म्हणून त्या पुण्यात घर करून राहिल्या होत्या. इराणी विद्यार्थी पुण्याला काही नवे नाहीत. आम्ही त्यांना खानम म्हणायचो. त्यांचा एक नियम मी आजतागायत मोडलेला नाही: मेयोनीजची बरणी सगळ्यात शेवटी उघडायची. त्याआधी बाकीचं सगळं एकत्र करून चाखायचं, आणि ते तसंच उचलून खावंसं वाटलं पाहिजे. आंबट, खारट, मिरीचा ठसका, सगळं तेव्हाच जागेवर हवं. मेयोनीजचं काम फक्त बांधून ठेवणं. बहुतेक पाककृतींत मेयोनीजलाच चव आणायला लावतात, म्हणून मग ते वाटीवर वाटी ओतलं जातं आणि शेवटी हाती येतो तो मेयोनीजमध्ये बुडालेला बटाटा.

हे सॅलड मुळात इराणी नाही, आणि इराणी लोक तसं सांगतातही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोत हर्मिटाज नावाचं एक बडं रेस्टॉरंट होतं. तिथले आचारी ल्युसिएन ऑलिव्हिए यांच्या नावाने हे सॅलड गाजलं. त्यांच्या सॅलडात रानपक्ष्यांचं मांस आणि इतर महागड्या गोष्टी असत; नेमकी कृती त्यांनी कुणाला दिली नाही. पुढे रशियात त्याचं साधं, घरगुती रूप झालं आणि ते जगभर पसरलं. आपल्याकडच्या हॉटेलांत जे ‘रशियन सॅलड’ मिळतं, बटाटा-गाजर-मटार आणि कधी अननसाचे तुकडे घातलेलं, तेही याच घराण्यातलं. इराण तेव्हा रशियाचा शेजारी. समोवार जसा तिकडून आला आणि घराघरांतला झाला, तसंच हे सॅलडही. पण इराणी हातात त्याचं रूप पार बदललं. रशियन सॅलडात सगळ्याचे चौकोनी तुकडे वेगवेगळे दिसतात. इराणी ओलविये बारीक असतं, जवळजवळ पावाला लावता येईल इतकं. चिकनचे धागे, किसलेला बटाटा, किसलेलं अंडं, लोणच्याचे बारीक कण, आणि त्यात अख्खे राहिलेले मटार. शिवाय त्यात लिंबू असतं, सढळ हाताने.

हे लक्षात घेतलं की तयारीचा रोख कळतो. बारीक केलेल्या वस्तूतून पाणी लवकर सुटतं आणि बारीक केलेला बटाटा लवकर चिकट होतो. म्हणून इथे चौकोनी तुकड्यांच्या सॅलडापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते.

आधी प्रमाण सांगते. हे आठ माणसांना पावासोबत पोटभर होतं. तुम्ही दुप्पट करा. बटाटे ७५० ग्रॅम. हाडासकट चिकनची छाती ६०० ग्रॅम, म्हणजे शिजवून सोलल्यावर साधारण ३५० ग्रॅम मांस निघतं. अंडी ५. मटार १ वाटी. काकडीचं खारं लोणचं, म्हणजे खियारशूर, २०० ग्रॅम. मेयोनीज २०० ग्रॅम आणि घट्ट चक्का १०० ग्रॅम. लिंबाचा रस ३ मोठे चमचे, ऑलिव्ह तेल २ मोठे चमचे, मस्टर्ड १ लहान चमचा, ताजी कुटलेली मिरपूड १ लहान चमचा, मीठ चवीने. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा.

आता बटाटा. तुमचा गोडवा बहुधा अर्धा इथूनच आलाय. शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची थंडीमुळे साखर होत जाते. असा बटाटा उकडला की भाजीत फारसं कळत नाही, कारण वर फोडणी आणि तिखट असतं. थंड सॅलडात मात्र लगेच कळतं. भाजीवाल्याला ‘कोल्ड स्टोरेजचा आहे का’ असं सरळ विचारा. तसाच मिळाला तर आठ-दहा दिवस आधी आणून घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवा, त्यातली बरीचशी साखर कमी होते. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असाल तर ती सवय मोडा. रविवारला आता इतके दिवस नसतील तर एक बटाटा आधी उकडून नुसता खाऊन बघा. गोड लागला तर दुसरीकडचा आणा.

नवा, पातळ सालीचा बटाटा पाणीदार असतो, तो तुकड्यांच्या सॅलडाला बरा. ओलवियेला जुना, जाड सालीचा, उकडल्यावर भुसभुशीत होणारा घ्या. सगळे साधारण एकाच आकाराचे निवडा, नाहीतर लहान फुटतात तोवर मोठे आतून कच्चे राहतात.

उकडायचे सालीसकट आणि शक्यतो वाफेवर. कुकरच्या तळाला पाणी घाला, पण ज्या डब्यात बटाटे ठेवाल त्यात पाण्याचा थेंब घालू नका. मध्यम बटाट्यांना मध्यम आचेवर तीन शिट्या, मग आपोआप वाफ जाऊ द्या. सुरी आत सहज गेली पाहिजे, पण साल तडकलेली नको. साल तडकली की बटाटा पाणी पितो. कुकर उघडल्याबरोबर बटाटे बाहेर काढा, झाकून ठेवू नका. कोमट झाले की सोला आणि सोललेले बटाटे ताटात सुटे पसरून पंख्याखाली ठेवा. अंगावरची वाफ उडून जाते आणि वरचा थर खडबडीत, पांढुरका, कोरडा दिसायला लागतो. बोट लावल्यावर ओलं लागलं नाही की पुढच्या कामाला तयार.

चिकट गोळ्याचं कारण असं की बटाटा गरम असताना जोर लावून कुस्करला, किंवा मिक्सरमध्ये फिरवला, की त्याच्या पेशी फुटतात, आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार होते. एकदा खळ झाली की ती मोडता येत नाही. बटाटा पूर्ण गार झाला की तोच स्टार्च घट्ट बसतो आणि किसणीवरून सुटे, मोकळे धागे पडतात. म्हणून गार झाल्यावरच किसा, मोठ्या भोकांच्या किसणीवर, आणि बटाटा किसणीवर दाबू नका. मिक्सर या कामाला काढूच नका. खानम पाऊण भाग बटाटा किसायच्या आणि उरलेला पाव भाग हाताने हलकेच मोडायच्या. सगळा किसला तर शेव घातल्यासारखं एकसुरी लागतं. थोडे वेडेवाकडे तुकडे राहिले की घासात बटाटा कळतो.

किसून झाल्यावर त्यावर लगेच थोडं मीठ, निम्मा लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल घालून काट्याने वरखाली करा. बटाट्याला स्वतःची चव नसते आणि नंतर वरून घातलेलं मीठ त्याच्या आत पोचत नाही.

चिकनला उकळी नको, नुसता शिजू देणारा ताप हवा. पातेल्यात चिकन, चार भाग केलेला कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, पाच-सहा मिरी, मीठ आणि चिमूटभर हळद घाला, चिकन बुडेल इतकं गार पाणी घाला. इराणी घरांत चिकन शिजवताना हळद घालतातच, वास जायला. पण चिमूटच, नाहीतर सॅलड पिवळं दिसतं. उकळी फुटली की फेस काढून टाका आणि आच इतकी कमी करा की पाणी नुसतं थरथरेल. हाडासकट छातीला तिथून २० ते २५ मिनिटं पुरतात. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं. रटरट उकळलेली छाती कोरडी, भुशासारखी होते, मग ती ओलसर करायला जास्त मेयोनीज लागतं, आणि परत आपण पहिल्या चुकीवर येतो. कुकरमध्ये चिकन शिजवायचा मोह टाळा.

शिजलेलं चिकन त्याच पाण्यात अर्धा तास निवू द्या, मग काढून हाताने धागे सोडवा. इथे घाई करू नका. पहिल्यांदा मोठे धागे निघतात, ते पुन्हा दोन बोटांत घेऊन चुरडायचे, मग आणखी बारीक होतात. शेवटी खलबत्त्यात थोडं थोडं घालून दोन-चार हलके ठोके द्यायचे. तेहरानच्या घरांत यासाठी गोश्तकूब नावाचा चपट्या तोंडाचा धातूचा बत्ता असतो, तो मुळात आबगुश्त या मटणाच्या रश्श्यातलं मांस आणि चणे कुटायचा. ठोके दिल्यावर चिकन फुलतं, कापसासारखं मोकळं होतं आणि लिंबू, तेल, मीठ धरून ठेवतं. चौकोनी तुकडे केले तर लिंबू बाहेरच राहतं. ओलविये आणि बाजारातलं चिकन सँडविच यातला फरक जिभेला कळतो तो इथे.

चिकनचं पाणी टाकू नका, गाळून बाजूला ठेवा. सॅलड दुसऱ्या दिवशी घट्ट वाटलं तर मेयोनीज वाढवण्याऐवजी या पाण्याचे एक-दोन चमचे घालायचे. चव जड न होता मऊपणा येतो. उरलेल्याचं सूप करा.

अंड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाण्याला उकळी आल्यावर सोडा, १० मिनिटांनी काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाका. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडं येतं आणि गंधकाचा वास येतो. सॅलडात तो झाकला जात नाही. चार अंडी किसा, एक सजावटीला ठेवा. मटार ताजे असोत की फ्रोझन, मऊ शिजवा पण फुटू देऊ नका, आणि कोरड्या पंच्यावर पसरून पूर्ण टिपून घ्या. तळाशी जमणाऱ्या पाण्यातला बराच वाटा मटारांचा असतो आणि त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही.

आता खियारशूर. याच्याशिवाय हे सॅलड होत नाही असं माझं ठाम मत आहे. बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या मिठाच्या पाण्यात लसूण, मिरची आणि तरखून किंवा शेपूसारख्या पाल्यासोबत मुरवतात, त्याला खियारशूर म्हणतात. बटाटा, अंडं, चिकन, मेयोनीज या चारही गोष्टी मऊ आणि सौम्य. त्यांच्यामधून धारदार काहीतरी जायला हवं, ते हे लोणचं करतं, आणि दाताखाली कुरकुरतंही तेवढंच.

आपल्याकडे मोठ्या दुकानांत घर्किनच्या बरण्या मिळतात. बरणी उलटी करून घटक वाचा. साखर लिहिलेली असेल तर ती परत फळीवर ठेवा. तुमच्या सॅलडातल्या गोडव्याचा उरलेला अर्धा हिस्सा इथून किंवा मेयोनीजमधून आलाय. मीठ-व्हिनेगरमधली बिनसाखरेची घर्किन पूर्ण चालते. आपलं तेलातलं लोणचं चालत नाही, कच्ची काकडी तर मुळीच नाही. कच्च्या काकडीला मीठ लागलं की ती तासाभरात पाणी सोडते. तुमच्या वाडग्यातलं पाणी काकडीचंच असावं असा माझा अंदाज आहे.

घरी करायचं तर आठवडाभर आधी लावावं लागतं, म्हणजे या रविवारी जमणार नाही, पण पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा. कोवळ्या, घट्ट, बी न धरलेल्या काकड्या ५०० ग्रॅम. प्रत्येकीच्या देठाकडची चकती कापून चाखा, कडू असेल तर बाजूला काढा. १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ घालून उकळा, गार करा, त्यात १०० मिली पांढरं व्हिनेगर घाला. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत काकड्या उभ्या दाटून बसवा, मधे लसणाच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मिरी आणि शेपूच्या काड्या खोचा. तरखून आपल्या बाजारात दिसत नाही, पण शेपू कोपऱ्यावर मिळतो आणि तो इथे अगदी रास्त आहे. वरून पाणी ओता. काकड्या पाण्याखालीच राहिल्या पाहिजेत, वर एखादी लहान वाटी दाबून ठेवा. आपल्या हवेत पाच ते सात दिवसांत रंग ऑलिव्हसारखा मावळतो आणि आंबूस वास येतो, मग बरणी फ्रिजमध्ये. वर तंतू किंवा रंगीत बुरशी दिसली तर सगळंच टाकून द्या.

लोणचं किसायचं की चिरायचं? मी निम्मं किसते, निम्मं बारीक चिरते. किसलेलं सगळं मुठीत धरून पिळायचं, आणि पिळायचं म्हणजे कोथिंबीर धुऊन झटकतो तसं वरवर नाही. मूठ आवळायची, थांबायचं, परत आवळायची, थेंब पडायचे थांबेपर्यंत. २०० ग्रॅममधून सहज पाव वाटी पाणी निघतं. हे पाणीही ठेवा. शेवटी चव सपक वाटली तर मिठाऐवजी याचा एक चमचा घातला की खारट आणि आंबट दोन्ही एकदम मिळतं.

गाजराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण दुबईत खाल्लेल्यात कदाचित असेल. इराणी घरांत यावर दोन तट आहेत. काही घरं उकडलेलं गाजर घालतातच, काहींच्या मते गाजर घातलं की ते ओलविये राहत नाही. मी खानमच्या बाजूची आहे, घालत नाही. गाजर गोड असतं आणि हे सॅलड आंबट हवं.

मेयोनीज. आपल्याकडे मिळणारं बिनअंड्याचं मेयोनीज बहुतेक गोडसर असतं. तेच वापरायचं असेल तर तिसरा हिस्सा चक्का आणि त्यात मस्टर्ड, लिंबू घालून ते ताळ्यावर आणा. चक्का घालणं ही माझी पुणेरी जोड नव्हे. इराणातही मेयोनीज हलकं करायला पाणी काढलेलं दही घालतात. श्रीखंडाचा बिनसाखरेचा, आंबट नसलेला ताजा चक्का यासाठी उत्तम. नुसतं दही घालू नका, परत पाणी आलंच.

घरी मेयोनीज करायचं तर कच्च्या अंड्याचं करू नका. विषबाधेच्या घटनांनंतर केरळने २०२३मध्ये, तेलंगणने २०२४मध्ये आणि तमिळनाडूने २०२५मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, आणि पंधरा माणसांच्या जेवणात ही जोखीम घेण्याचं काहीच कारण नाही. बलक शिजवून घेता येतो. लहान पातेल्यात २ बलक, २ मोठे चमचे लिंबाचा रस, २ मोठे चमचे पाणी एकत्र करा आणि अगदी मंद आचेवर सतत ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर लेप बसण्याइतकं दाटलं आणि एक-दोन बुडबुडे आले, म्हणजे थर्मामीटरवर ७१ अंश, की लगेच उतरवा. आणखी ठेवलं तर बुर्जी होते. चार-पाच मिनिटं निवू द्या, मीठ आणि मस्टर्ड घाला, मग हँड ब्लेंडर चालू ठेवून १ कप सूर्यफुलाचं तेल सुरुवातीला थेंब थेंब, दाटायला लागल्यावर बारीक धारेने सोडा. सगळं ऑलिव्ह तेल वापरू नका, ब्लेंडरमध्ये ते कडवट होतं. घाण्याचं शेंगदाणा तेलही नको, त्याचा वास सॅलडभर पसरतो.

आता कालवणं. रुंद परातीत करा, खोल वाडग्यात तळचं तळाशीच राहतं. आधी चिकनला उरलेला लिंबाचा रस आणि मिरपूड चोळून दहा मिनिटं ठेवा. मग बटाटा, अंडी, पिळलेलं लोणचं घाला आणि हाताने वरखाली करा. आता चाखा. इथे ते थोडं जास्तच आंबट आणि थोडं जास्तच खारट लागायला हवं, कारण मेयोनीज आणि फ्रिजची थंडी दोन्ही मिळून चव खाली आणतात. गरम असताना बरोबर लागलेलं मीठ थंड झाल्यावर कमी वाटतं. समाधान झालं की मेयोनीज-चक्क्याचं मिश्रण दोन-तृतीयांशच घाला. उचललेला गोळा हातात एकसंध राहिला पण बोटांना पांढरा थर लागला नाही, की पुरे. मटार सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. उरलेलं मिश्रण सकाळी लागेल: बटाटा रात्रीतून ओलावा पितो, तेव्हा थोडं आत आणि बाकीचं वरून.

चिकन न खाणाऱ्या तिघांसाठी चिकन घालण्याआधीच बटाटा, अंडी, लोणचं यांचा पाचवा भाग वेगळा काढा, चमचेही वेगळे ठेवा. चिकनच्या जागी बारीक चिरलेले मशरूम तव्यावर कोरडे होईपर्यंत परतून, पूर्ण गार करून घाला. ती मंडळी अंडं खातात का, हे मात्र आधी विचारून घ्या, कारण अंडं सॅलडातही आहे आणि घरच्या मेयोनीजमध्येही. अंडंही चालत नसेल तर खरं सांगते, ओलवियेचा हट्ट सोडा आणि त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करा. अंडं काढलं की हे सॅलड फार बोडकं लागतं.

वाढताना सॅलड पसरट ताटात चपट्या लंबगोलात थापा, ओल्या सुरीने वरचा भाग गुळगुळीत करा आणि त्यावर मेयोनीजचा पातळ थर द्या. त्यावर अंड्याच्या चकत्या, टोमॅटोच्या सालीची फुलं, खियारशूरचे काप, काळे ऑलिव्ह, पार्सलीची पानं. इराणात वाढदिवसाच्या टेबलावर हे ताट हमखास असतं आणि बायका त्यावर नक्षी काढण्यात खूप वेळ घालवतात. तेवढा वेळ तुम्हीही द्या, पाहुण्यांना ते कळतं. टोमॅटो मात्र वाढायच्या ऐन वेळी ठेवा, तोही बी आणि गर काढून.

सोबत लवाश हवा. २०१६मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत इराण, अझरबैजान, तुर्कस्तान, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान या देशांच्या नावे पातळ रोटी एकत्र बनवण्याची आणि वाटून खाण्याची जी परंपरा नोंदली गेली, त्यात लवाश आहे. नाशिकमध्ये ताजा लवाश मिळाला नाही तर रुमाली रोटी त्याच्या जवळ जाते. इराणातल्या सँडविचच्या दुकानांत हेच सॅलड लांब, कडक पावात भरून मिळतं, सोबत टोमॅटो आणि खियारशूरचे काप. त्या धर्तीवर खायचं असेल तर ब्रून पाव आणा. आपल्या इराणी हॉटेलांच्या फळ्यावर ओलविये शोधू नका. ती मंडळी मुख्यतः यझ्द आणि केरमानच्या बाजूची, १९व्या शतकाच्या अखेरीपासून इकडे येत गेलेली, आणि हे सॅलड इराणी घरांत रुळलं त्यानंतर. पण त्यांच्या बेकरीतल्या ब्रूनचं कडक कवच आणि ओलवियेचा मऊपणा यांची जोडी मला लवाशपेक्षाही आवडते.

शेवटचा मुद्दा, आणि तो सोडू नका. इराणात नवरोजपासूनच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, १३व्या दिवशी, सिझदाबेदरला, साधारण एप्रिलच्या दुसऱ्या तारखेला, लोक डबे घेऊन बागेत आणि नदीकाठी जातात. त्या डब्यांत ओलविये असतं. तिथली एप्रिलच्या सुरुवातीची हवा आणि आपली सारखी नाही. शिजलेलं चिकन, अंडं आणि बटाटा एकत्र असलेलं सॅलड फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि खोलीत ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर तासाभरातच परत आत. म्हणून सगळं एकदम मांडू नका. दोन लहान ताटं करा, एक टेबलावर, एक फ्रिजमध्ये. पहिलं संपलं की दुसरं काढा, आणि पहिल्यातलं उरलेलं दुसऱ्यात मिसळू नका. फ्रिजमध्ये ५ अंशांच्या आत, झाकलेलं, हे तीन दिवस चांगलं राहतं. डीप फ्रीज करू नका, बटाटा रवाळ होतो आणि मेयोनीज फाटतं.

आणि एवढं करूनही रविवारी सकाळी डबा उघडल्यावर सैल वाटलं, तर एक उकडलेला गार बटाटा आणि एक उकडलेलं अंडं किसून घाला, लिंबू पिळा, अर्धा तास परत आत ठेवा. त्यासाठी बटाटा आणि अंडं शनिवारीच उकडून बाजूला ठेवा.